चालकरहित विमानातील गतिसंवेदक व एंजिनाची कंपने

चालकरहित विमानाला, म्हणजे ज्यास आज सर्वत्र ड्रोन म्हणतात त्याला, आपला तोल आपणच सांभाळावा लागतो. आपण कोणत्या बाजूस कललो आहोत, वर जात आहोत की खाली, याचे ज्ञान त्यास मुख्यतः दोन संवेदकांकडून मिळते. वळण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप हा एक व त्वरणमापक हा दुसरा. हे दोन्ही बहुधा नखाएवढ्या एकाच चिपमध्ये सामावलेले असतात.

विमानाची खरी हालचाल संथ असते; सेकंदास काही थोडी आंदोलने, एवढीच तिची गती. उलट, मिनिटास ६००० फेरे घेणारे पेट्रोल एंजिन सेकंदास १०० कंपने निर्माण करते व त्यांच्या जोडीला दुप्पट, तिप्पट संख्येचीही. संवेदक या दोहोंत भेद करीत नाही. मग ही कंपने संगणकाकडून मागाहून गाळून घेता येणार नाहीत काय? पुष्कळशी येतात, परंतु दोन प्रसंगी हा उपाय निरुपयोगी ठरतो.

पहिला प्रसंग मोजमापाच्या मर्यादेचा. समजा, त्वरणमापकाची मर्यादा दोन्ही दिशांस गुरुत्वत्वरणाच्या १६ पट, म्हणजे १६ जी आहे. जागच्या जागी तरंगणाऱ्या विमानात त्याने सरासरी १ जी दाखविले पाहिजे. त्यावर २० जी एवढे कंपन आले, तर खरे मूल्य उणे १९ ते अधिक २१ यांत हेलकावे घेईल. दोन्ही टोके १६ वर छाटली जातात. पण वरचे टोक अधिक छाटले जाते व सरासरी १ जीपेक्षा कमी भरते. यंत्रास वाटते की आपण खाली पडत आहोत; ते अधिक उचल देते आणि आज्ञा नसताना विमान वर चढू लागण्याचा संभव निर्माण होतो. सेकंदास सेकंदास केवळ ०.१ मीटर एवढी त्वरणाची चूक १० सेकंदांत उंचीच्या हिशेबात ५ मीटरांची तफावत पाडते.

दुसरा प्रसंग नोंदींच्या संख्येचा. चित्रपटात धावत्या गाडीची चाके कधी कधी उलटी फिरताना दिसतात, ते सर्वांच्या पाहण्यात आहेच. तोच प्रकार येथे घडतो. सेकंदास २०० नोंदी घेतल्या व कंपने १९८ असली, तर नोंदींत सेकंदास २ आंदोलने दिसतात. विमानाच्या खऱ्या डोलण्याहून ती वेगळी कशी ओळखावीत? एकदा नोंद झाल्यावर त्यांस कोणतेही गणित निवडून काढू शकत नाही.

तेव्हा कंपने संवेदकापर्यंत पोचण्यापूर्वीच रोखली पाहिजेत. त्यांचे मूळ क्षीण करणे हा एक मार्ग होय. व्हँकेल जातीच्या एंजिनात मागेपुढे धावणारा दट्ट्या नसून फिरणारा रोटर असतो. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन संस्थेच्या सहभागाने तयार झालेले असे एंजिन २००९ साली ‘निशांत’ या भारतीय चालकरहित विमानावर बसवून उडविण्यात आले. तथापि तेथेही कंपने शून्य होत नाहीत. म्हणून संवेदक मऊ आधारावर बसविणे हा दुसरा मार्ग अवलंबावा लागतो.

मऊ आधार म्हणजे नेहमीच संरक्षण, असा समज मात्र चुकीचा आहे. आधार व त्यावरील वस्तुमान मिळून एक स्वाभाविक कंपनसंख्या ठरते. एंजिनाची कंपने तिच्या सुमारे १.४ पटीहून, नेमके म्हणजे २ च्या वर्गमूळाहून, अधिक असतील तरच आधार त्यांस कमी करतो. त्याखाली तो ती वाढवितो. स्वाभाविक संख्या २० असल्यास १०० कंपनांपैकी सुमारे ४ टक्केच जोर पलीकडे पोचतो. पण मंद चालणाऱ्या एंजिनाच्या ४० कंपनांचा तृतीयांश पोचतो. आणि एंजिन सुरू होताना मिनिटास १२०० फेऱ्यांशी अनुस्पंदन होऊन, योग्य वेळी ढकललेल्या झोपाळ्याप्रमाणे, संवेदक जोराने हिंदकळतो.

यास आळा घालण्यासाठी ऊर्जा शोषणारा पदार्थ योजतात. अवमंदन निर्णायक मूल्याच्या एकदशांश ठेवल्यास अनुस्पंदनातील वाढ सुमारे ५ पटींवर थांबते. परंतु ४ टक्क्यांचे ६ टक्के होतात. एका ठिकाणी मिळविलेले दुसऱ्या ठिकाणी थोडे गमवावे लागते.

संवेदकाचा हलकेपणा ही आणखी एक अडचण होय. १० ग्रॅम वस्तुमानासाठी २० ही संख्या साधावयाची, तर आधाराचा ताठरपणा दर मीटरला अवघा १५८ न्यूटन असावा लागतो. एवढ्या मऊ आधारावर जोडलेल्या तारांचा ताणही भारी ठरतो. वस्तुमान १०० ग्रॅम केल्यास दहापट ताठर आधार चालतो. म्हणून वजनाची जेथे एवढी काटकसर, त्या विमानात संवेदकाखाली मुद्दाम धातूची पट्टी बसवितात व तारा बारीक, लवचिक आणि सैल ठेवतात. आखडलेली एक तारही रबराला वळसा घालून कंपनांस वाट करून देते. आधाराची निवड पदार्थाच्या मऊपणावरून न करता एंजिनाचे सर्व वेग, वस्तुमान व जोडण्या यांचा एकत्र हिशेब मांडून केली पाहिजे, हेच यावरून स्पष्ट होते.