डब्यावरची चिठ्ठी

कवीने संगणकाविषयी बोलावं, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. मी बी.ए. झालेला माणूस, यंत्राशी माझं नातं टायपिंगपुरतं. पण एक प्रसंग असा आला, की मला या विषयात शिरावंच लागलं.

माझ्या संगणकावर ‘डेबियन’ ही कार्यप्रणाली आहे. भाच्याने ती बसवून दिली आणि तो नोकरीसाठी दुबईला गेला. अब्बांनी जमवलेली लग्नगीतं मी वीस वर्षांपूर्वी टाइप केली होती. तेव्हा आपल्याकडे युनिकोड रुळलं नव्हतं. फॉन्ट बदलला, की अक्षरांचा नुसता चिवडा. त्या फाइली वाचता याव्यात म्हणून भाच्याने एक छोटा प्रोग्राम बाहेरून आणून घातला होता. पुढे मी डेबियनची नवी आवृत्ती घेतली आणि तो प्रोग्राम चालेना. अब्बा हयात नाहीत, त्यांची वही पावसात भिजून गेलेली. भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, “मामू, कुठून आणला होता, आता आठवत नाही.”

मला अम्मीचं फडताळ आठवलं. सगळे डबे एकसारखे, एकावरही चिठ्ठी नाही. तिला सारं तोंडपाठ. ती गेल्यावर आम्ही एकेक झाकण उघडून वास घेत बसलो होतो.

इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं डेबियन मात्र चिठ्ठ्यांच्या बाबतीत कडक आहे. त्याच्या भांडारातल्या पॅकेजची कागदपत्रं ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’मधल्या ‘डॉक’ या कप्प्यात, त्या पॅकेजच्या नावाने राहतात. परवाना एका फाइलीत, आवृत्तीगणिक झालेले बदल दुसऱ्या फाइलीत. डेबियनच्या लोकांनी मूळ प्रोग्रामात काही वेगळं केलं असेल, तर त्याच्यासाठी ‘रीडमी डॉट डेबियन’. शिवाय ‘मॅन’ ही पुस्तिका आहेच. तिच्या पहिल्या विभागात रोजच्या आज्ञा, पाचव्यात फाइलींची रचना, आठव्यात व्यवस्थापकाची कामं. असे विभाग पाडण्याची रीत युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेपासूनची. गंमत म्हणजे, त्या पुस्तिकेतही वापरणाऱ्यांनी स्वतः सांभाळलेल्या प्रोग्रामांसाठी वेगळा विभाग होता. म्हणजे बाहेरच्या पाहुण्यांची नोंद कुठे करायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

पाहुणे तीन दारांनी येतात. पहिलं दार डेबियनच्या भांडाराचं. दुसरं बाहेरच्या भांडाराचं. त्याचा पत्ता ‘सोर्सेस’च्या यादीत लिहिलेला असतो. या दोन्ही दारांवर ‘एप्ट’ हा मुनीम बसतो. कोण आलं, कोण गेलं, हे तो रोजनिशीत लिहितो; मात्र नेहमीच्या मांडणीत ही रोजनिशी सुमारे वर्षभराचीच राहते. तिसरं दार हाताने बांधलेल्या प्रोग्रामांचं. ते ‘यूएसआर लोकल’ या कप्प्यात जातात. तिथे मुनीम हात लावत नाही आणि काही लिहितही नाही. आवृत्ती बदलली, की आधाराच्या लायब्ऱ्या बदलतात आणि हा पाहुणा उघड्यावर पडतो.

माझा प्रोग्राम तिसऱ्या दाराने आला होता. शोधता शोधता ‘लोकल’मधल्या ‘एसआरसी’ कप्प्यात त्याचा मूळ मजकूर आणि एक रीडमी फाइल सापडली. भाच्याने फोनवर सांगितलं तसं करत तीन संध्याकाळी खर्ची घातल्या. अखेर पडद्यावर हळदीचं गाणं उमटलं, तेव्हा आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही.

आता संगणकाशेजारी शंभर पानी वही असते. प्रत्येक पाहुण्याला एक पान: नाव आणि आवृत्ती, कुठून आणला, कधी, कशासाठी, कोणती सेटिंग बदलली, काढायचा कसा. ‘कशासाठी’ ही ओळ मी कधीच रिकामी सोडत नाही. प्रोग्राम कसा चालवायचा, हे पुस्तिका सांगते. तो आपल्या घरात का आला, हे फक्त आपल्यालाच ठाऊक असतं. नवी आवृत्ती घेण्याआधी बाहेरची पॅकेजेस काढून ठेवा, असं डेबियनच्या सूचनापत्रात सांगितलेलं असतं. त्या वेळी मी ही वही उघडतो. आणि हो, गीतं आता युनिकोडमध्ये उतरवून ठेवली आहेत.

तुमच्या घरचा संगणक कुठलाही असो, तो लावून देणारं पोर एक दिवस परगावी जाणारच. जाण्याआधी त्याच्यासमोर एक वही ठेवा. डब्यातला जिन्नस संपला तर पुन्हा आणता येतो. चिठ्ठी मात्र ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडूनच लिहून घ्यावी लागते.