भटक्यांच्या वस्तीला जागा द्यायची म्हटलं की ग्रामसभेत अडतं कुठं?

परभणी : सुगी संपली की गावाबाहेर पालं दिसू लागतात. घिसाडी, वैदू, नंदीवाले, मसणजोगी, डवरी गोसावी. चार-आठ दिवस कुणाचं काही म्हणणं नसतं. उलट विळ्या-खुरप्याला धार लावून घ्यायला आपणच तिकडं जातो. पण याच कुटुंबांना कायमची जागा द्यायचा विषय ग्रामसभेत निघाला की आवाज चढतात. 'दुसरीकडं बघा की' हे उत्तर ठरलेलं असतं. दुसऱ्या गावातही तेच उत्तर मिळतं.

योजना काय आहे?

राज्य सरकारनं डिसेंबर २०११ मध्ये विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. जिल्ह्यात दरवर्षी तीन गावं निवडायची, प्रत्येक गावात २० कुटुंबं बसवायची, एका कुटुंबाला ५ गुंठे जमीन आणि त्यावर २६९ चौरस फुटांचं घर द्यायचं, असा मूळ आराखडा होता. एका जागी २० कुटुंबं जमेनात म्हणून पुढं ही अट १० कुटुंबांवर आणली. ज्याच्याकडं स्वतःची जागा आहे त्याला एकट्यालाही लाभ घेता येतो. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख २० हजार.

पैशापेक्षा जास्त अडतं ते जागेवर.

गायरानाचा पेच

सरकारी जमीन म्हटलं की गावात बहुतेक वेळा गायरानच उरलेलं असतं. 'आमची गुरं कुठं चारायची?' हा प्रश्न खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, आणि त्याच वर्षी १२ जुलैच्या शासन निर्णयानं गायरान देण्यावर कडक बंधनं आली. त्यामुळं तलाठ्यापासून वरपर्यंत सगळे जपून पाऊल टाकतात.

पण जरा हिशोब करा. १० कुटुंबांना ५० गुंठे, म्हणजे सव्वा एकर. २० कुटुंबांना अडीच एकर. रस्ता आणि मोकळी जागा धरून थोडी जास्त. ज्या गावात गायरानावर आधीच पुढाऱ्यांचे गोठे अन् शेड उभे आहेत, तिथं सव्वा एकरानं गुरं उपाशी मरतील म्हणणं पटत नाही.

दुसरी भीती चोरीची

हे उघड कुणी बोलत नाही, चहाच्या टपरीवर बोलतात. ही भीती इंग्रजांनी कायद्यात घातली. १८७१ च्या कायद्यानं काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगाराचा शिक्का बसला. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला निघाला, म्हणून त्या 'विमुक्त'. कागदावरचा शिक्का गेला, डोक्यातला राहिला.

त्याचं काय होतं ते आपण पाहिलंय. परभणी तालुक्यात उखळद इथं मे २०२३ मध्ये शेळीचोरीच्या संशयावरून शिकलगार समाजाच्या तीन पोरांना जमावानं मारलं. त्यात १४ वर्षांचा मुलगा गेला. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, पोरं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवेतून पाच डवरी गोसाव्यांचा जीव घेतला गेला. जो माणूस गावच्या यादीत आहे, ज्याची पोरं गावच्या शाळेत आहेत, त्याला असं अनोळखी म्हणून कुणी घेरत नाही.

हा तिढा आपल्याकडंच आहे असंही नाही. इंग्लंडात जिप्सी लोकांसाठी तळाची जागा देणं १९६८ च्या कायद्यानं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं होतं. १९९४ ला ते बंधन काढलं. जागेला विरोध करणारे तिथलेही गावकरीच.

कागद कुठून आणायचे?

जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. ज्याचा आजा पालात जन्मला अन् पालातच मेला, त्यानं तो कुठून आणावा? शिवाय वर्षातले सहा महिने एका ठिकाणी राहत असल्याचं दाखवावं लागतं. राहायला जागा मिळत नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून जागा नाही. पारध्यांचा घोळ आणखी वेगळा. त्यांच्यातले काही अनुसूचित जमातीत मोडतात, त्यांची दारं आदिवासी विभागाकडं.

ग्रामसभेत काय विचाराल?

जागा सुचवली की आधी सातबारा बघा. मग जागेवर जा, तेही पावसाळ्यात. ओढ्याकाठची, गोदावरी-दुधनेच्या पुरात जाणारी किंवा स्मशानाला चिकटलेली जमीन 'रिकामी' म्हणून पुढं केली जाते. काळ्या मातीत पाया नीट घेतला नाही तर भिंतीला दोन वर्षांत तडे जातात, हे घर बांधलेल्या कुणालाही विचारा. शाळा किती लांब, पाणी कुठून येणार, रस्ता कुणाच्या बांधावरून जातो, हे प्रश्न तिथंच विचारून घ्या, आणि वस्तीवर राहणाऱ्यांनाही त्या सभेला बोलवा.

लाभार्थी निवडणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. अर्जाची चौकशी जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण किंवा समाजकल्याण कार्यालयात करता येईल. ग्रामसभेनं नकार दिलाच तर त्याचं कारण ठरावात लेखी घ्यायला लावा. 'गावाचा विरोध' एवढंच लिहू देऊ नका.