हिमालयातील बांज

बांज हा हिमालयात वाढणारा ओकच्या कुळातील सदाहरित वृक्ष आहे. त्याचे शास्त्रीय नाव क्वेर्कस ल्यूकोट्रायकोफोरा. पाकिस्तानच्या उत्तर भागापासून हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडमार्गे नेपाळपर्यंत, साधारण १,२०० ते २,३०० मीटर उंचीवर त्याची नैसर्गिक वने आहेत. मसुरी, नैनीताल आणि बिनसर येथील बांजाची वने प्रसिद्ध आहेत. भारतीय द्वीपकल्पात ओकची एकही जाती निसर्गतः वाढत नसल्याने सह्याद्रीत हा वृक्ष दिसत नाही.

बांजाचा पट्टा उंचीइतकाच ओलाव्यावरही ठरतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या, दमट उतारांवर तो दाट वाढतो. कोरड्या, उन्हाच्या उतारांवर चीड वृक्षाचे राज्य असते. बांजाच्या वर तिलोंज आणि आणखी उंचावर खर्सू हे ओक आढळतात. बांजाच्या सोबतीला लाल फुलांचा बुरांस आणि आंबटगोड फळांचा काफळ असतो.

त्याची पाने दातेरी कडांची, वरून हिरवी आणि खालून पांढुरक्या लवीने मढलेली असतात. वसंतात नवी पालवी व फुलोरा येतो. परागण वाऱ्यामार्फत होते आणि फळ पिकायला वर्षाहून अधिक काळ लागतो. वानरे, अस्वले आणि उडत्या खारी ही फळे खातात. उरलेले बी वाळले की त्याची उगवणशक्ती लवकर नष्ट होते, म्हणून रुजण्यासाठी त्याला ओलसर पालापाचोळ्याचे आच्छादन लागते.

डोंगरातील शेती या झाडावर उभी आहे. हिवाळ्यात गवत संपले की जनावरांना बांजाचा पाला मिळतो. वाळलेली पाने गोठ्यात अंथरतात आणि पुढे तेच खत शेतात जाते. सरपण आणि शेतीची अवजारेही याच लाकडाची. वनातील पालापाचोळा पावसाचे पाणी जमिनीत मुरवतो, म्हणून गावकरी आपल्या झऱ्यांचे नाते बांजाशी जोडतात.

हे वन आता आक्रसते आहे. ब्रिटिश काळापासून राळ आणि इमारती लाकडासाठी चिडाला प्राधान्य मिळाले. चिडाच्या वाळक्या सुयांमुळे वणवे भडकतात आणि त्यात बांजाची कोवळी रोपे जळतात. फांद्या वारंवार छाटल्या की फळे कमी धरतात आणि चराईत उगवलेली रोपेही टिकत नाहीत. पौडी गढवालमधील उफरैंखाल परिसरात मात्र सच्चिदानंद भारती आणि गावातील महिलांनी बांजाची लागवड करून उतारांवर पाणी अडवणारी छोटी तळी खोदली, आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवे केले. बांज वाचवायचा तर बी रुजू देणे, छाटणीला विश्रांती देणे आणि वणवा रोखणे या तिन्ही गोष्टी एकत्र व्हायला हव्यात.