एंजिनावरील जुना रंग काढणे

मोटारगाडीच्या एंजिनाला पुन्हा रंग देण्यापूर्वी त्यावरील वंगण, गंज व जुना रंगलेप काढून टाकण्याची क्रिया. प्रथम विद्रावकाने वंगण काढतात. अन्यथा घासताना ते सर्वत्र पसरते व नवा लेप धातूला चिकटत नाही. पुढील पद्धत धातूवरून ठरते. सुटा केलेला बिडाचा ठोकळा दाहक सोड्याच्या गरम विद्रावात बुडवितात. ॲल्युमिनियमाचे भाग त्यात बुडवीत नाहीत, कारण ते विरघळू लागतात व ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. डायक्लोरोमिथेनाने रंग फुगून सुटतो. परंतु त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंदिस्त जागेत साचून प्राणघातक ठरते. वाळूचा झोत वापरल्यास तेलमार्गांत राहिलेले कण धारवे झिजवितात. स्वच्छ बीड लवकर गंजते. म्हणून ते वाळताच अस्तर-रंग देतात.