ओल भिंतीवर, दुखणं भलतीकडे

पावसाळा तोंडावर आला की महाराष्ट्रातल्या घराघरांत एक सल्ला हमखास फिरतो. भिंतीला ओल येते? मग अमुक कंपनीचं वॉटरप्रूफिंग मारा, आमच्याकडे दोन वर्षं काही त्रास नाही. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याच्या घरी गुण आलेलाच असतो. तरीही त्याच डब्यातलं रसायन शेजारच्या घरात पहिल्या श्रावणसरींतच पोपड्यांच्या रूपाने गळून पडतं. याचं कारण रसायनात क्वचितच असतं. ओलीचा डाग सगळीकडे सारखाच दिसत असला, तरी पाणी तिथवर किमान चार निरनिराळ्या वाटांनी पोहोचतं: गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाझरणारं पावसाचं पाणी, नळाच्या अथवा सांडपाण्याच्या वाहिनीची गळती, जमिनीतून भिंतीत चढणारी ओल आणि खोलीतल्याच हवेतला दमटपणा. यांतली नेमकी कोणती वाट आहे हे ठरवल्याशिवाय काय लावायचं ते ठरवणं म्हणजे पैसे ओलीत घालणं.

पाण्याची वाट ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत, थोडं लक्ष लागतं. पहिला प्रश्न वेळेचा. डाग पावसात वाढतो आणि दिवाळीनंतर सुकतो, की एप्रिलच्या कडक उन्हातही तसाच ओला राहतो? उन्हाळ्यातही न सुकणारा डाग बहुतेक वेळा नळाचा किंवा वरच्या न्हाणीघराचा असतो. तिथल्या नहाणी ट्रॅपमध्ये खायच्या रंगाचं पाणी ओतावं; खालच्या छताला काही तासांनी तोच रंग उतरला तर वादच मिटतो. दुसरा प्रश्न जागेचा. तळमजल्याच्या भिंतीला जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवा पट्टा दिसत असेल आणि त्यावर पांढरा लोणा फुटत असेल, तर ओल खालून चढते आहे. तिसरी शंका हवेची. ती फेडायला वीतभर लांबीरुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. खोलीकडच्या अंगाला थेंब जमले असतील तर दोष कोंडलेल्या हवेचा, तिथे खिडकी उघडण्याने किंवा एक्झॉस्ट पंख्याने काम भागतं. भिंतीकडच्या अंगाला ओल असेल तर पाणी भिंतीच्या पोटातून येतंय.

राहता राहिलं पावसाचं पाणी. हवामान विभागाच्या मापाने 24 तासांत 64.5 मिलिमीटर पाऊस झाला की तो जोरदार ठरतो. एवढा पाऊस 100 चौरस मीटरच्या गच्चीवर जवळपास साडेसहा हजार लिटर पाणी ओततो. हे पाणी वाहून गेलं तर साधा कोबाही टिकतो आणि तुंबलं तर महागडा लेपही हरतो. म्हणून गच्चीला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा, पन्हाळीचं तोंड पानांनी बुजलेलं नको आणि गच्ची व कठडा यांच्या सांध्यावरची गोलाई, जिला गवंडी वाटा म्हणतात, ती फुटलेली नको. गळती बहुधा गच्चीच्या मध्यातून होत नाही, या सांध्यांतून होते. बागेची हौस असेल तर कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवाव्यात, म्हणजे खालचं पाणी वाहतं राहतं. कठड्याच्या भेगेत उगवलेला पिंपळ नुसता छाटून भागत नाही, त्याचं मूळ भेग रुंदावत जातं.

खिडकीची गोष्ट याहून बारीक. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेजवळ, बोटभर रुंदीची एक खाच असायला हवी. छज्ज्यावरून ओघळणारं पाणी त्या खाचेपाशी अडून थेंबाथेंबाने खाली पडतं. रंगकाम करताना ती पुट्टीने बुजवली की पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून थेट भिंतीपर्यंत सरकतं आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात डाग उमटतो. तो घालवायला आतून कितीही हात मारले तरी उपयोग शून्य. मोकळी करायची असते ती बाहेरची खाच. कोकणातल्या जुन्या घरबांधणीला हे नीट कळलं होतं. तिथला जांभा सच्छिद्र, त्याला जलरोधक करणं शक्यच नव्हतं. म्हणून छप्पर भिंतींच्या बरंच पुढे काढलं जाई आणि पडव्यांना पावसाच्या झडीपासून वाचवायला झापं बांधली जात. भिंतीला लेप देण्यापेक्षा पाणी भिंतीपर्यंत पोहोचूच न देण्यावर त्यांचा भर होता.

यावर कुणी म्हणेल, एवढी शोधाशोध कशाला, आतून एक जलरोधक थर दिला की डाग तर दिसेनासा होतो. होतो, पण पाणी तिथेच राहतं. बाहेर पडायला वाट उरली नाही की ते आडवं पसरतं किंवा वर चढतं. खालून येणाऱ्या ओलीवर टाइल्स बसवल्या की पट्टा टाइल्सच्या वर दिसू लागतो, तो यामुळेच. छतात तर प्रश्न दिसण्याचा राहतच नाही. स्लॅबमधली सळई गंजली की गंज मूळ पोलादाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि खालचं काँक्रीट फोडून ढासळवतो. छतावर सरळ रेषेत तपकिरी डाग दिसले तर रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. गच्चीवर जुना कोबा न काढता नवा चढवण्याचा सल्लाही असाच घातक. दहा सेंटिमीटर जाडीच्या वीटतुकड्यांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतं. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वीस टनांचा बोजा वाढतो, आणि तोही बहुधा जुन्या, गळक्या इमारतीवर.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि अधिकाराचा आहे. फ्लॅटमध्ये राहणारा म्हणेल, गच्ची काय माझ्या हातात आहे? पण नेमका इथेच शोध उपयोगी पडतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक वाहिन्यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. संडास, मोरी यांची घरातली गळती संबंधित सदस्याने. गळती कुठली हे सिद्ध झालं की खर्च कुणाचा हेही ठरतं, आणि वरच्या-खालच्या मजल्यांतली वर्षानुवर्षांची भांडणं निम्मी होतात. कारण न शोधता स्वतःच्या खिशातून आतला लेप लावणारा माणूस बरेचदा दुसऱ्याचा खर्च उचलत असतो.

म्हणजे शेजाऱ्यांनी एकमेकांना सल्ले देऊच नयेत असं मुळीच नाही. फक्त सल्ल्यासोबत दुखणंही सांगावं: डाग कुठे होता, कधी वाढायचा, पाणी कुठून येत होतं आणि मग काय केलं. शेवटचा मुद्दा कॅलेंडरचा. आपल्याकडे शोध आणि दुरुस्ती दोन्ही मे महिन्यात उरकायची घाई असते, तेव्हा भिंती कोरड्या असतात आणि गळती लपलेली असते. तेव्हा यंदा जुलैत, पाऊस जोरात असताना, घरभर एक फेरी मारा. प्रत्येक डागाचा तारखेसह फोटो काढा, वारा कुठल्या दिशेचा होता तेही टिपून ठेवा. दुरुस्ती मात्र भिंत पूर्ण सुकल्यावर, डिसेंबरनंतरच करा. आणि ठेकेदार दारात आला की दर विचारण्याआधी पाणी कुठून येतंय ते विचारा; याचं उत्तर न देता डबा उघडणाऱ्याला काम देऊ नका.