आगोटीची शाळा

मे महिन्यात पुण्या-मुंबईस असलेली माणसे मुलाबाळांसह वेल्ह्याकडच्या पासलीसारख्या गावी येतात. मुलांची ती सुटी. घराची मात्र आगोट. ७-८ जूनला मृग लागतो. तत्पूर्वी घर शाकारायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा, भाताच्या रोपासाठी राब भाजायचा.

राब म्हणजे काय? शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची. वारा जिकडून येतो, त्याच्या उलट बाजूने पेटवला की आग सावकाश सरकते. ऊब मातीत उतरते, तणाचे बी जळते, राखेचे खत होते. फांद्या तोडताना झाडाचा शेंडा मात्र राखावा, नाहीतर पुढच्या वर्षी पाला कुठला?

यातले एक काम हुकले तर पावसाळाभर भोगावे लागते. कौल सरकले की भिंत भिजते. राब कच्चा राहिला की रोप तणात दडपते. गावात हात कमी झाले. तेव्हा आजोबांजवळचे हे ज्ञान सुटीतल्या नातवंडांनी नाही घ्यायचे, तर कोणी?

शाळा उघडली की गुरुजनांनी मुलांना एवढे जरूर विचारावे: राब कोणत्या बाजूने पेटवला, आणि का?