बाळ ग्रहाची वाट सरळ की तिरकी? ताऱ्याच्या उजेडावरून असं मोजतात

बांधावरचं वाकडं झाड बघितलं, तर ते उगवतानाच वाकडं आलं की पुढं वाऱ्यानं वाकवलं, हे सांगता येत नाही. त्यासाठी रोपच बघावं लागतं. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांबाबत शास्त्रज्ञांपुढं नेमका हाच पेच आहे.

आपला सूर्य ज्या अंगानं गिरकी घेतो, त्याच अंगानं पृथ्वी आणि बाकीचे ग्रह त्याच्याभोवती फिरतात. फरक जेमतेम 6-7 अंशांचा. तारा आणि ग्रह एकाच फिरत्या धुळीच्या तबकडीतून जन्मतात, म्हणून सगळीकडं असंच असणार असं वाटायचं. पण 2009 मध्ये जाहीर झालेला वास्प-17 बी हा ग्रह चक्क उलटा फिरतो असं निघालं. तारा एका अंगाला, ग्रह दुसऱ्या अंगाला! काही ग्रह तर ताऱ्याच्या ध्रुवांवरून जातात. हे जन्मतःच असं, की नंतर शेजारच्या ग्रह-ताऱ्यांच्या ओढीनं झालं? म्हातारे ग्रह बघून ते कळत नाही.

आता मोजायचं कसं? दुर्बिणीतून तारा म्हणजे नुसता ठिपका. पण तो गिरकी घेत असल्यानं त्याची एक कड आपल्याकडं येत असते, दुसरी लांब जात असते. येणाऱ्या एसटीचा हॉर्न चढा लागतो, पुढं गेली की उतरतो. उजेडाचंही तसंच. येणाऱ्या कडेचा उजेड किंचित निळसर, जाणाऱ्या कडेचा किंचित तांबूस. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना आधी निळसर कड झाकतो, तेव्हा उरलेला उजेड तांबूस भासतो. मग तांबूस कड झाकली की उलट. दोन्ही बाजूंचा हिशेब सारखा आला तर वाट सरळ. क्रम उलटा आला तर ग्रह उलटा. एकाच कडेवरून गेला तर वाट तिरकी. रॉसिटर आणि मॅकलॉफलिन यांनी 1924 मध्ये जोडताऱ्यांवर हे दाखवलं, आणि 2000 मध्ये ते पहिल्यांदा ग्रहासाठी वापरलं गेलं. यातून कळतो तो आकाशावर दिसणारा कल. आपल्या दिशेनं असलेला कल काढायला ताऱ्याच्या गिरकीचा वेळ वेगळा मोजावा लागतो.

तान्ह्या ताऱ्यांची किरकिर मात्र फार. मकर राशीच्या खाली दक्षिणेला, 32 प्रकाशवर्षांवर एयू मायक्रोस्कोपी नावाचा तारा आहे. साध्या डोळ्यांना दिसत नाही. वय सुमारे 2 कोटी 20 लाख वर्षं. सूर्य 46 वर्षांचा गडी धरला, तर हा पावणेतीन महिन्यांचाही नाही. अंगभर डाग, मधूनच भडके. साडेआठ दिवसांत फेरी मारणारा त्याचा ग्रह 2020 मध्ये जाहीर झाला. तो उजेड झाकतो तो हजार रुपयांतले अडीच रुपये, तेही साडेतीन तास. डागांचा गोंधळ अवरक्त उजेडात कमी होतो, म्हणून हवाईतल्या दुर्बिणींनी त्याच उजेडात बघितलं. चिलीतूनही मोजणी झाली. सगळ्यांचं उत्तर एकच, वाट सरळ. ताऱ्याभोवती उरलेली धुळीची तबकडीही त्याच पातळीत.

साडेचार कोटी वर्षांच्या डीएस टुकानेचं तर विशेषच. त्याला जोडीदार तारा आहे, तरी ग्रह सरळ. आतापर्यंत मोजलेले बहुतेक तान्हे ग्रह असेच निघालेत, त्यामुळं वाकडेपणा नंतर येतो या बाजूला पारडं झुकतं. पण मोजलेले आहेतच किती? बोटांवर मोजण्याइतके, असं म्हटलं तरी चालेल.

आणि 2024 मध्ये वृषभ राशीतल्या वायूच्या ढगात फक्त 30 लाख वर्षांच्या ताऱ्याचा ग्रह सापडला. ग्रह ताऱ्यासमोरून आडवा जातो, पण बाहेरची धुळीची तबकडी त्याच्याशी बरीच तिरकी. म्हणजे इथं बाळंतघरातच काहीतरी कललंय. तबकडी कुणी कलवली, याचा शोध चालू आहे.